मोठं झालं, हे ठरवतं कोण?

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात मुरूड हे समुद्रकाठचं गाव आहे. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी तिथला एक मुलगा परीक्षेला बसण्यासाठी सोबत्यांबरोबर पायी निघाला. सह्याद्री ओलांडून, शंभरावर मैल चालून तो साताऱ्याला पोचला. तिथं परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, हा वयानं लहान दिसतो, याला बसता येणार नाही. परीक्षेसाठी वयाची अट होती आणि मुलाची चण किरकोळ होती. आल्या पावली त्याला परतावं लागलं. हा मुलगा म्हणजे पुढचे महर्षी धोंडो केशव कर्वे, १९५८ चे भारतरत्न. आपल्या ‘आत्मवृत्ता’त त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे.

आठवी-नववीच्या वर्गात हा प्रसंग सांगावा आणि एकच प्रश्न विचारावा: घाट चढून गेलेला हा मुलगा मोठा होता की लहान? आणि ते ठरवायचा हक्क कोणाचा? आईवडिलांचा, परीक्षकाचा, गावाचा, की त्याचा स्वतःचा? तासाभराच्या चर्चेत वर्गाला एका मोठ्या विषयाचं दार सापडतं. माणूस एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जातो तेव्हा घर, जात, धर्म, शाळा आणि सरकार काय काय करतं, हा तो विषय. जन्म, नामकरण, मुंज, बिस्मिल्ला, न्हाण, लग्न, नोकरीसाठी मुंबईला जाणं, दहावीचा निरोप, मृत्यू हे सगळं त्यात येतं.

शाळेच्या प्रकल्पासाठी हा विषय उत्तम आहे, पण तो बिघडतोही सहज. ‘सोळा संस्कार’ असा मथळा, इंटरनेटवरून उतरवलेली यादी, चकचकीत चित्रं आणि कडेला जरीची पट्टी असा तक्ता भिंतीवर लागला की प्रकल्प संपला, असं बहुतेक ठिकाणी होतं. त्या तक्त्यात मुलांचं स्वतःचं घर नसतं, गाव नसतं आणि मुलांनी विचारलेला एकही प्रश्न नसतो. प्रकल्प मुलांच्या हाती द्यायचा, तर शिक्षकांनी कुठे हात सोडायचा आणि कुठे घट्ट धरायचा, याचा विचार आधी करायला हवा. इथल्या सूचना मुख्यतः इयत्ता सातवी ते नववीच्या वर्गांसाठी आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानं (२०२०) सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. त्यांतले काही दिवस या कामाला देता येतील.

तीन टप्प्यांची चौकट

फ्रेंच अभ्यासक आर्नोल्ड व्हॅन जेनेप यांनी १९०९ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. जगभरच्या अशा विधींमध्ये त्यांना तीन टप्पे दिसले: आधीच्या आयुष्यापासून तुटणं, मधली अधांतरी अवस्था आणि नव्या नात्यानं समाजात परतणं. मुलांना ग्रंथाचं नाव पाठ करायला लावण्याची गरज नाही, पण ही चौकट त्यांच्या हाती जरूर द्यावी. तिच्यामुळे नुसतं वर्णन थांबतं आणि तुलना सुरू होते.

मुंजीचंच बघा. मातृभोजनात बटू आईच्या पंगतीला बसून जेवतो, मग त्याचे केस काढले जातात, हे तुटणं. लंगोटी, दंड, हातात झोळी घेऊन भिक्षावळ. हा मधला काळ, ज्यात तो ना घरातला लहान मुलगा ना गृहस्थ. शेवटी सोडमुंज. पूर्वी गुरूकडचं शिक्षण संपल्यावर व्हायचा तो विधी आता बऱ्याचदा त्याच दिवशी, किंवा लग्नाच्या तोंडावर उरकला जातो. पूर्वी वर्षानुवर्षांचा असलेला मधला काळ एका सकाळीत कसा मावला, हा सातवीच्या मुलालाही सुचेल असा प्रश्न आहे.

हीच चौकट कोकणातल्या एका अगदी वेगळ्या गोष्टीला लावून बघावी. रत्नागिरीतल्या किती तरी घरांत मुलगा मोठा झाला असं मानलं गेलं ते तो मुंबईला गेला तेव्हा. बोटीचा किंवा एस.टी.चा प्रवास, गाववाल्यांच्या खोलीत दाटीवाटीनं काढलेले पहिले महिने, पहिली मनिऑर्डर, आणि मग गणपतीला किंवा शिमग्याला चाकरमानी म्हणून गावात येणं. यात भटजी नाही, मंत्र नाहीत, तरी तिन्ही टप्पे आहेत. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला. त्याआधी गेलेल्यांचा अनुभव आणि नंतर गेलेल्यांचा अनुभव यांत काय फरक, एवढा एकच प्रश्न एका गटाला पुरेल.

जिल्ह्यात शोधायला काय आहे

साधनसामग्रीच्या बाबतीत रत्नागिरी श्रीमंत आहे. संस्कारांच्या शास्त्रीय बाजूचा सगळ्यांत मोठा अभ्यासक याच जिल्ह्यातला. भारतरत्न (१९६३) महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा जन्म १८८० चा, चिपळूणजवळचा. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हा त्यांचा पाच खंडांचा इंग्रजी ग्रंथ १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झाला आणि त्याच्या दुसऱ्या खंडात संस्कारांची तपशीलवार चर्चा आहे. ग्रंथाचा मराठी सारांशही उपलब्ध आहे. शाळकरी मुलांना तो अख्खा वाचायचा नाही. शिक्षकांनी उपनयनाची किंवा विवाहाची दोन-चार पानं वाचून वेगवेगळ्या सूत्रग्रंथांत वयाबद्दल आणि पद्धतीबद्दल कसे मतभेद आहेत, ते मुलांना सांगावं. ‘हे पूर्वीपासून असंच चालत आलंय’ या वाक्यावर मुलं मग जरा थांबून विचार करतात.

पालगड हे साने गुरुजींचं गावही दापोली तालुक्यातच. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’मध्ये ‘अक्काचे लग्न’ हे प्रकरण आहे आणि ‘श्यामचे पोहणे’ हेही. पहिल्यात रूढ अर्थानं संस्कार आहे. दुसऱ्यात मात्र पाण्याला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई बाहेर काढते आणि विहिरीवर धाडते. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून वाचली, तर धार्मिक विधी नसतानाही मूल एक पायरी कशी चढतं, यावर वर्ग बोलू लागतो. मग ‘आमच्याकडे हे कशानं ठरतं?’ याची उत्तरं येतात: पहिल्यांदा एकट्यानं एस.टी.नं तालुक्याला जाणं, कलमावर चढून आंबे उतरवणं, वडिलांबरोबर होडीवर जाणं, घरी कोणी नसताना चूल किंवा गॅस पेटवणं, शिमग्यात पालखीला पहिल्यांदा खांदा देणं, जाखडीच्या फेरात उभं राहणं. ही यादी फळ्यावर लिहिताना मुलींची आणि मुलांची उत्तरं दोन वेगळ्या रकान्यांत मांडावीत. दोन्ही रकान्यांतला फरक मुलांनाच वाचू द्यावा.

रत्नागिरी शहरात थिबा राजवाडा आहे. ब्रिटिशांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशाचं राज्य घेतलं, राजा थिबाला १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथंच वारला. त्याच्या राजकन्यांचा कान टोचण्याचा समारंभ रत्नागिरीतच झाला. ब्रह्मदेशात मुलीच्या वयात येण्याशी जोडलेला तो मानाचा विधी आहे. कोकणात कान टोचतात ते बहुधा तान्हेपणी, आणि त्याचा वयात येण्याशी संबंध नसतो. एकच कृती दोन समाजांत वेगवेगळ्या उंबरठ्यांवर कशी बसते, याचं याहून जवळचं उदाहरण रत्नागिरीच्या शाळेला मिळणार नाही. राजवाड्यात आता वस्तुसंग्रहालय आहे, त्यामुळे भेटीची सोयही आहे.

जिल्ह्यात कोकणी मुस्लिम मोठ्या संख्येनं आहेत, त्यामुळे बिस्मिल्ला (मुलाच्या धार्मिक शिक्षणाचा आरंभ), अकीका (जन्मानंतरचा विधी), कुराणाचं पहिलं वाचन पूर्ण झाल्याचा घरगुती समारंभ हे प्रकल्पाच्या परिघाबाहेर राहता कामा नयेत. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर कोकणातल्या अनेक घरांत नामकरण, लग्न आणि अंत्यविधी बदलले, त्रिशरण-पंचशील आलं. तो बदल डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता थोडीच उरली आहेत. त्यांच्या मुलाखती आधी घ्याव्यात. कुणबी, भंडारी, खारवी, गाबीत, मराठा, ब्राह्मण, कातकरी अशा प्रत्येक समाजाच्या रीती वेगळ्या, आणि एकाच समाजात दोन गावांतही वेगळ्या. गौरीच्या सणात नवी सून सूप घेऊन ओवसा करते, ती रीत वर्गातल्या किती घरांत आहे, किती घरांत नाही, एवढी साधी पाहणीसुद्धा गटाला कामाला लावते.

प्रश्न मुलांचाच हवा

मुलांच्या हाती प्रकल्प म्हणजे मुलांनी रंगवलेला आणि शिक्षकांनी आखलेला प्रकल्प, असा समज आहे. खरी कसोटी प्रश्नाची: तो कोणाचा आहे? पहिले दोन तास फक्त प्रश्न काढायला द्यावेत. प्रत्येक मुलानं कागदाच्या चिठ्ठीवर पाच प्रश्न लिहावेत, नाव घालू नये. चिठ्ठ्या भिंतीवर लावून मुलांनीच त्यांचे गठ्ठे करावेत. शिक्षकांनी या वेळी एकही प्रश्न सुचवू नये आणि कुठलाही प्रश्न हास्यास्पद ठरवू नये.

मग निवड. ‘मुंजीची माहिती’ हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. ‘माझ्या भावाची मुंज झाली, माझी का नाही?’ हा प्रश्न आहे. ‘कोकणी मुस्लिमांची लग्नपद्धती’ यापेक्षा ‘आजीच्या निकाहात गायली जाणारी गाणी आईच्या निकाहात का नव्हती?’ हे शोधता येण्यासारखं आहे. चांगल्या प्रश्नाच्या तीन खुणा मुलांना सांगाव्यात: उत्तर गुगलवर एका ओळीत मिळत नाही, उत्तर सांगू शकतील अशी माणसं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि उत्तर काय येईल हे शिक्षकांनाही ठाऊक नाही. गट चार ते पाच जणांचा असावा. प्रत्येक गटात किमान दोन वेगळ्या समाजांची, जमल्यास दोन वाड्यांची मुलं असावीत, म्हणजे ‘आमच्यात असं असतं’ याला लगेच ‘आमच्यात तसं नसतं’ हे उत्तर मिळतं.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या रॅबन गॅप या डोंगरी गावातल्या शाळेत १९६६ साली मुलांनी ‘फॉक्सफायर’ नावाचं मासिक काढलं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना भेटायचं, ती सांगतील ते टेप करायचं, उतरवायचं आणि छापायचं, असा तो उद्योग. १९७२ मध्ये त्या लेखांचं पहिलं पुस्तक निघालं आणि पुढच्या पुस्तकात सुईणींचं काम आणि दफनाच्या चालीरीती यांवरही मुलांनी लिहिलं. मुलं जन्ममृत्यूसारख्या विषयाला हात घालू शकतील का, या शंकेला ते उत्तर आहे. महाराष्ट्रात गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. लेक सासरी जाण्यावरच्या ओव्याही त्यात आहेत. हा संग्रह आता इंटरनेटवर ऐकायला मिळतो. मुलाखतीला जाण्यापूर्वी गटानं त्यातल्या चार-पाच ओव्या ऐकून जावं. आजीला ‘तुम्हाला गाणी येतात का?’ असं विचारण्यापेक्षा अशी एखादी ओवी ऐकवली की आजी आपणहून पुढची म्हणते.

मुलाखत कशी घ्यावी

मुलाखत हा प्रकल्पाचा कणा आहे. दोघांनी जावं: एकानं विचारावं, दुसऱ्यानं टिपावं. रेकॉर्डिंगसाठी शाळेचा किंवा पालकांचा फोन चालेल, पण आधी परवानगी. पहिली मुलाखत स्वतःच्याच घरी घ्यावी, म्हणजे हात बसतो. प्रश्न थोडे असावेत आणि प्रसंगाकडे नेणारे असावेत. सुरुवातीला हे पुरतात:

- त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं, ते सांगाल का?
- हे ठरवलं कोणी? तुम्हाला विचारलं होतं का?
- त्या दिवसानंतर रोजच्या जगण्यात काय बदललं? काम, कपडे, बोलणं, बाहेर जाणं?
- कोणाला बोलावत नसत? कोणाला पुढे येऊ देत नसत?
- तुमच्या मुलांच्या वेळी यातलं काय गाळलं, काय नवं घातलं?
- आम्ही यातलं काय लिहू नये असं वाटतं?

शेवटचा प्रश्न कधीही वगळू नये. चौथा प्रश्न बहुतेक प्रकल्पांत विचारला जात नाही, आणि सगळ्यांत जास्त इतिहास तिथंच असतो. कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं तेव्हा मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. लग्न हा सर्वांत मोठा संस्कार म्हणून गौरवायचा आणि तोच एका बाईनं दुसऱ्यांदा केला तर दार बंद करायचं, हे त्याच गावात घडलं. विधींमध्ये कोण आत आणि कोण बाहेर, हे मुलांनी तपासायला हवं. रत्नागिरी शहरातल्या १९३१ च्या पतितपावन मंदिराला भेट देताना हा प्रश्न सोबत न्यावा. भागोजीशेठ कीर यांनी ते बांधलं आणि सर्व जातींच्या हिंदूंना ते खुलं होतं. त्या वेळी रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांनी शाळांत सर्व जातींच्या मुलांना एकत्र बसवण्यासाठीही खटपट केली होती. आपल्या शाळेच्या बाकांचा इतिहासही या विषयात येतो, हे मुलांना तिथं कळतं.

परवानगीचा कागद साध्या मराठीत, आणि गरज असेल तिथं उर्दूतही, अर्ध्या पानाचा असावा: प्रकल्प कशाचा, कोण ऐकणार, कुठे मांडणार, नाव घालायचं की नाही, फोटो चालेल की नाही. सांगणाऱ्यानं नंतर ‘ते काढून टाका’ म्हटलं तर काढायचं, हेही त्यात लिहावं. मुलांच्या पालकांची लेखी संमती वेगळी घ्यावी. मुलाखतीचे व्हिडिओ व्हॉट्सॲप गटांवर किंवा यूट्यूबवर टाकू नयेत. शाळेच्या संगणकावर एका ठिकाणी ठेवावेत.

जिथे शिक्षकांनी पुढे यायचं

प्रश्न निवडणं, माणसं शोधणं, मांडणी करणं हे मुलांचं. काही जागा मात्र शिक्षकांनी आपल्या हातात ठेवाव्यात.

पहिली जागा पाळीची. न्हाण आल्यावर मुलीला मखरात बसवून ओटी भरण्याची रीत जुन्या पिढीतल्या बायका सांगतात, आणि त्यानंतर शाळा सुटली, खेळ सुटला, हेही त्याच सांगतात. हा विषय टाळू नये, पण मुलींनी आजीशी बोलावं, शिक्षिकेनं सोबत असावं आणि वर्गातल्या कुठल्याही मुलीला स्वतःचा अनुभव सांगायला लावू नये. मुलांच्या सुंतेबद्दलही हाच नियम: सांगणारा मोठा माणूस असावा, वर्गातला मुलगा नव्हे.

दुसरी वैधव्याची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. या ठरावाची बातमी गटाला वाचायला द्यावी. आपल्या ग्रामपंचायतीत असा ठराव झाला का, झाला असेल तर पाळला जातो का, हे मुलं सरपंचांना आणि ग्रामसेवकांना रीतसर पत्र लिहून विचारू शकतात. विधवा बाईच्या दारात मात्र प्रश्नावली घेऊन मुलांना पाठवू नये. तिनं आपणहून बोलायचं ठरवलं तर गोष्ट वेगळी.

तिसरी जागा जातीची आणि खर्चाची. कोणाच्या लग्नात किती खर्च झाला, हुंडा दिला का, हे मुलांनी विचारायचं नाही. जातीचा उल्लेख सांगणाऱ्यानं केला तर नोंदवावा, मुलांनी तुलनेचा तक्ता करून ‘कोणाची पद्धत चांगली’ असं ठरवू नये. वाळीत टाकल्याचा विषय निघाला तर १९ व्या शतकाबरोबरच आजचा कायदाही सांगावा. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा त्यासाठीच आहे.

चौथी जागा शोकाची. वर्गात एखाद्या मुलानं नुकतंच घरातलं माणूस गमावलेलं असू शकतं. अंत्यविधीवर काम करणारा गट शिक्षकांनी आधी पाहून घ्यावा आणि कोणालाही त्यात ढकलू नये.

बोलता बोलता एखादी मुलगी सांगेल की तिचं लग्न ठरवत आहेत, किंवा एखादं मूल छळाची गोष्ट सांगेल. तेव्हा प्रकल्प बाजूला. मुलीचं लग्न १८ आणि मुलाचं २१ वर्षांआधी बेकायदा आहे, आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांशी बोलून ही व्यवस्था पहिल्या मुलाखतीआधीच ठरवून ठेवावी.

कागद, वस्तू आणि मांडणी

ऐकलेलं ताडून बघायला कागद हवेत. घरात लग्नपत्रिका असतात: ‘शुभविवाह’, ‘मंगल परिणय’, ‘निकाह’ अशा मथळ्यांच्या. वेगवेगळ्या दशकांतल्या वीस-पंचवीस पत्रिका जमल्या की बदल डोळ्यांसमोर येतो. वधूच्या नावापुढे शिक्षण कधीपासून छापलं जाऊ लागलं, निमंत्रकांत बायकांची नावं कधी आली, पत्ता गावचा की मुंबईचा. शाळेचं जनरल रजिस्टर हाही एक दस्तऐवज आहे. मुलींनी शाळा कोणत्या इयत्तेत सोडली, हे जुन्या नोंदींत दिसतं. मुख्याध्यापकांनी नावं झाकून फक्त वर्ष आणि इयत्ता मुलांना द्यावी. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे आणि चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरालाही दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. जुनी वर्तमानपत्रं, गॅझेटिअर, आत्मचरित्रं यांसाठी ग्रंथपालांना आधी पत्र लिहून वेळ ठरवावी.

मांडणीत एक पथ्य पाळावं: दुसऱ्या समाजाचा विधी वेशभूषा करून नाटकासारखा सादर करू नये. खोटी मुंज, खोटा निकाह, खोटी अंत्ययात्रा यांनी टाळ्या मिळतात आणि एखादं घर दुखावतं. त्याऐवजी वस्तू, आवाज आणि नकाशे मांडावेत. पाळण्यातली कुंची, पाटी, पहिल्या मनिऑर्डरची पावती, आजीच्या आवाजातली दोन मिनिटांची ध्वनिफीत, गावाच्या नकाशावर ‘मी इथवर एकटी जाऊ शकते’ अशा मुलामुलींनी काढलेल्या रेषा. प्रत्येक वस्तूखाली चार ओळी असाव्यात, त्याही गटानं लिहिलेल्या. प्रदर्शनात मार्गदर्शक म्हणून मुलंच उभी राहावीत. ज्यांनी मुलाखती दिल्या, त्यांना पहिल्या दिवशी, इतरांच्या आधी बोलवावं.

शाळेचा आपला विधी

प्रकल्पाचा शेवटचा भाग करण्याचा आहे. बाहेरचे इतके विधी तपासल्यावर मुलांनी शाळेकडे वळावं: पहिलीचा प्रवेशोत्सव, पाटीपूजन, सातवी किंवा दहावीचा निरोप. यांत तीन टप्पे आहेत का? कोण बोलतं, कोण नुसतं ऐकतं? लहान मुलांना वाटा आहे का?

पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीनं याचा फार आधी विचार केला. अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत किशोरवयीन मुलामुलींसाठी विद्याव्रत संस्कार केला जातो. उपनयनाचा गाभा घेऊन त्यातली जातीची आणि लिंगाची अट काढून टाकलेला हा विधी आहे. त्याही आधी, महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी डिसेंबरात भटजीशिवाय पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. जुना विधी बदलता येतो, नवा रचता येतो, हे मुलांना अशा उदाहरणांतून दिसतं.

वाडीतल्या छोट्या जिल्हा परिषद शाळेतून मुलं पाचवी-सातवीनंतर दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जातात. त्यांच्यासाठीचा निरोप मुलांनी नव्यानं आखावा. अटी तीनच: कोणत्याही धर्माचा तो नसावा, खर्च शंभर-दोनशे रुपयांत बसावा आणि प्रत्येक जाणाऱ्या मुलाला त्यात काही करायला असावं, नुसतं बसून भाषण ऐकायला नको. एखादा गट सुचवेल की जाणाऱ्यांनी पहिलीच्या मुलांना वाडीतल्या वाटा आणि पऱ्हे दाखवावेत. दुसरा म्हणेल की प्रत्येकानं हायस्कूलपर्यंत एकदा एकट्यानं एस.टी.नं जाऊन यावं. पालकांशी बोलून, सुरक्षिततेचा विचार करून यांतला एक पर्याय त्या वर्षी प्रत्यक्ष करून बघावा.

गुण आणि वेळापत्रक

गुण द्यायचे असतील तर सजावटीला देऊ नयेत. वीस गुणांत प्रश्न किती नेमका होता याला पाच, मुलाखतीच्या नोंदी आणि परवानगीची शिस्त यांना पाच, एकमेकांशी न जुळणारी उत्तरं कशी हाताळली याला पाच, आणि गटातल्या प्रत्येकानं स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या एका पानाला पाच. ‘आजी एक म्हणाली, काका दुसरंच म्हणाले’ अशी कबुली देणाऱ्या गटाला जास्त गुण मिळावेत.

कोकणातल्या शाळेचं वर्ष या कामाला सोयीचं आहे. जुलैत प्रश्न काढावेत आणि घरातली सरावाची मुलाखत व्हावी. गणपतीच्या सुट्टीत मुंबई-पुण्याचे चाकरमानी गावात असतात, तेव्हा मुख्य मुलाखती उरकाव्यात. ओवशाची रीतही त्याच दिवसांत प्रत्यक्ष दिसते. आषाढापासून कार्तिकापर्यंत हिंदूंकडे लग्नं-मुंजी नसतात, म्हणून या महिन्यांत अल्बम आणि पत्रिका जमवाव्यात. दिवाळीच्या सुट्टीनंतर वाचनालय आणि वस्तुसंग्रहालयाची भेट, डिसेंबरात लेखन, जानेवारीत प्रदर्शन. शिमगा मात्र वार्षिक परीक्षेच्या तोंडावर येतो. म्हणून पालखी आणि नमनाची नोंद सातवी-आठवीच्या पुढच्या तुकडीकडे द्यावी, आणि तिच्या हाती जुन्या गटांनी तीन गोष्टी सोपवाव्यात: ज्यांना विचारलं त्यांची यादी, जे प्रश्न अर्धवट राहिले त्यांची वही, आणि कोणी काय न लिहायला सांगितलं त्याची नोंद, जी फक्त वर्गशिक्षकांच्या कपाटात राहील.